भाड्याआधीचे दोन आकडे

एका वाचक मैत्रिणीचे पत्र, थोडे संक्षिप्त करून :

“ताई, मी २६ वर्षांची आहे. बदलापूरला आईबाबा आणि धाकट्या भावासोबत राहते आणि मरोळला एका कंपनीत अकाउंट्सचे काम करते. सकाळी पावणेसातला घर सोडते. घाटकोपरपर्यंत लोकल, पुढे मेट्रो. परत यायला रात्रीचे साडेनऊ होतात. पगार हातात ४१,००० येतो. त्यातले १५,००० घरी देते, ३,५०० प्रवासात जातात, ५,००० बाजूला टाकते. उरलेले कुठे जातात ते मलाही नीट सांगता येत नाही. खात्यात ९०,००० जमले आहेत. ऑफिसजवळ एक वन आरके पाहिला आहे : भाडे २२,०००, डिपॉझिट एक लाख, शिवाय एका महिन्याची ब्रोकरेज. ऑफिसमधल्या दोघी मैत्रिणी म्हणतात की वन बीएचके तिघींत घेऊ : भाडे ३६,०००, डिपॉझिट दीड लाख. पण मला एकटीलाच राहायचे आहे. कमी पडणारे पैसे ॲपवरून कर्ज घेऊन भरू का? बाबा पुढच्या वर्षी निवृत्त होतील. ते म्हणतात, ‘स्वतःचं घर असताना परक्याला भाडं कशाला? आपल्यात हे नसतं.’ आई तर या विषयावर बोलतच नाही. माझे आजोबा गिरणीत होते, ते लालबागला गावकऱ्यांच्या खोलीत राहायचे. मग मी काय वेगळं करतेय? मी स्वार्थी आहे का?”

प्रिय मैत्रीण,

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण तो मनात सलत असताना बाकीचे हिशेब डोक्यात शिरत नाहीत. तू स्वार्थी नाहीस. सकाळी पावणेसात ते रात्री साडेनऊ म्हणजे तू रोज पावणेपंधरा तास घराबाहेर असतेस आणि त्यातले जवळजवळ पाच तास फक्त जाण्यायेण्यात जातात. महिन्याचे कामाचे २३ दिवस धरले तर हे ११५ तास होतात. मध्य रेल्वेच्या गर्दीत उभ्याने काढलेले ११५ तास माणसाला आतून किती पोखरतात, हे ज्यांनी ते काढले आहेत त्यांना सांगावे लागत नाही. तेव्हा जागा हवीशी वाटणे हा हट्ट नाही.

आता मुख्य प्रश्न. तू ४१,००० रुपयांत मुंबईत वेगळी राहू शकतेस. मात्र एकटी नाही, मैत्रिणींसोबत; आणि या महिन्यात नाही, चार महिन्यांनी. हे मी सावधपणाची सवय म्हणून सांगत नाही, तुझ्याच आकड्यांवरून सांगते आहे.

वेगळे राहू पाहणारी बहुतेक तरुण मुलेमुली पगारातून भाडे वजा करतात आणि उरलेल्या रकमेकडे पाहून ‘भागेल’ असे ठरवतात. तूही तेच केले आहेस. पण भाड्याच्या आधी दोन आकडे विचारात घ्यावे लागतात. पहिला, दाराला किल्ली लावण्यापूर्वी एकरकमी किती पैसे मोजावे लागतील. दुसरा, घरी किती द्यायचे. हे दोन ठरले की भाड्याचा आकडा आपोआप ठरतो. उलट्या क्रमाने गेले की या दोन्हींची ओढाताण होते.

वन आरकेचा पहिला आकडा मांडू. डिपॉझिट १,००,०००, पहिल्या महिन्याचे भाडे २२,०००, ब्रोकरेज २२,०००. एकूण १,४४,०००, आणि यात अजून एक बादलीही आलेली नाही. तुझ्याकडे ९०,००० आहेत. म्हणजे ५४,००० कर्जाने आणायचे, आणि त्यातला मोठा भाग मालकाकडे डिपॉझिट म्हणून ठेवायचा, ज्यावर तो तुला एक रुपयाही व्याज देणार नाही. व्याजाने आणलेले पैसे दुसऱ्याकडे बिनव्याजी ठेवणे हा व्यवहार तू अकाउंट्समध्ये काम करतेस म्हणून तुला मी समजावून सांगायला नको. त्यापुढे महिन्याचे पाहू. भाडे २२,०००, वीज, गॅस, इंटरनेट मिळून ३,०००, जेवणखाण ७,०००, प्रवास १,५००. हे ३३,५०० झाले. उरलेल्या ७,५०० रुपयांतून कर्जाचा हप्ता जाईल, आणि मग घरी देणे आणि बचत या दोन्हींपैकी एकही धड होणार नाही. ॲपवरच्या कर्जाला माझे उत्तर स्पष्ट नकार असे आहे. डिपॉझिट भरायला असे कर्ज घ्यायचेच नसते.

तिघींच्या जागेत तुझ्या वाट्याला डिपॉझिटचे ५०,०००, पहिले भाडे १२,००० आणि ब्रोकरेजचे १२,००० येतात; म्हणजे ७४,०००. करार आणि सुरुवातीच्या सामानासाठी आणखी १०,००० धरू. ८४,००० झाले. आजच गेलीस तर खात्यात ६,००० उरतील, आणि पहिल्याच महिन्यात ताप आला किंवा नोकरीत काही मागेपुढे झाले तर तुला बदलापूरला पैसे मागावे लागतील. बाबांशी वाद घालून घराबाहेर पडलेल्या मुलीला ते मागणे किती जड जाईल याचा विचार कर.

दुसऱ्या आकड्यावर मला थोडे जास्त थांबायचे आहे, कारण तुझ्या पत्रात त्याविषयी एक अक्षरही नाही. वेगळी राहायला लागल्यावर घरी काय देणार, हे तू लिहिलेलेच नाहीस. बाबा पुढच्या वर्षी निवृत्त होत आहेत आणि भाऊ धाकटा आहे. अशा वेळी महिन्याचे १५,००० एकाएकी बंद झाले, तर ‘परक्याला भाडं कशाला’ हा बाबांचा प्रश्न भावनेचा न राहता किराणा मालाचा होईल. पण तू आता घरी जेवणार नाहीस, तुझ्यामागचा खर्चही घरातून कमी होणार आहे, म्हणून १५,००० तसेच चालू ठेवण्याची गरज नाही. माझ्या मते १०,००० द्यावेस. ही रक्कम महिनाअखेर उरेल त्यातून न देता पगाराच्या दिवशीच पाठव. आणि या १०,००० मधला काही भाग कशासाठी वापरायचा ते बाबांबरोबर बसून ठरव : आईबाबांच्या आरोग्य विम्यासाठी. बाबांना कंपनीचा गट विमा असेल तर निवृत्तीबरोबर तो सहसा संपतो. स्वतंत्र पॉलिसी घेतली की आधीपासून असलेल्या आजारांसाठी जास्तीत जास्त तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर हा काळ फार मोठा असतो. तेव्हा बाबा नोकरीत असतानाच पॉलिसी सुरू झाली तर त्या प्रतीक्षेतले एक वर्ष कंपनीच्या विम्याच्या आधाराने निघून जाईल. हे काम तू घर सोडण्यापूर्वी कर.

तर तिघींच्या जागेत महिना असा बसतो : भाडे १२,०००, वीज-गॅस-इंटरनेट-कचरेवाला यांचा वाटा २,०००, जेवणखाण ७,०००, प्रवास १,५०० (यात आठवड्याला एक बदलापूरची फेरीही आली), घरी १०,०००. बेरीज ३२,५००. उरतात ८,५००, त्यातले ५,००० नेहमीप्रमाणे बाजूला, आणि ३,५०० कपडे, औषधे, मोबाइल, लग्नाचे आहेर, भावाची भाऊबीज या सगळ्याला. रक्कम मोठी नाही, पण भागते.

भागते हे कागदावर. आज तुझ्या हातात घर आणि प्रवास वजा जाता २२,५०० उरतात आणि त्यातले साडेसतरा हजार कुठे जातात ते तुला माहीत नाही, हे तूच लिहिले आहेस. म्हणून माझी विनंती अशी की पुढचे चार महिने बदलापूरलाच राहा, पण पैशांनी मात्र आजच मरोळला राहायला जा. नव्या आयुष्याचा खर्च ३२,५००, सध्याचा १८,५००. फरक १४,००० रुपयांचा. पगार झाला की त्याच दिवशी हे १४,००० वेगळ्या खात्यात टाक, त्याला हात लावू नकोस, आणि उरलेल्या ८,५०० मध्येच बचत व बाकीचे सगळे बसवून पाहा. जमले, तर चार महिन्यांत ५६,००० आणि तुझी नेहमीची बचत २०,००० असे ७६,००० वाढतील आणि तुझ्याकडे १,६६,००० असतील. त्यातून ८४,००० देऊनही ८२,००० शिल्लक, म्हणजे अडीच महिन्यांचा खर्च गाठीशी. नाही जमले, तर ते तुला आईच्या हातचे गरम जेवण समोर असताना कळेल, भाड्याच्या खोलीत नव्हे. ऑफिसमध्ये दुपारी मागवलेले जेवण आणि रात्री बदलापूर स्टेशनबाहेर दमून पकडलेली रिक्षा यांचा हिशेब लावलास की ते साडेसतरा हजार बहुधा सापडतील.

या चार महिन्यांत एक वही कर आणि घरात कोणती वस्तू कधी संपते ते लिहीत जा. पगाराच्या हिशेबात कधीच न आलेल्या वस्तू त्यात दिसतील : मीठ, मोहरी, भांड्याचा साबण, फिनेल, केरसुणी, गॅसचा लायटर, बाथरूमचा बल्ब, वाळत घालायची दोरी, चिमटे, पायपुसणे, डासांची वडी. घरात कुणीतरी हे गुपचूप आणून ठेवते, म्हणून आपल्याला ते फुकट आल्यासारखे वाटते. वही घेऊन तू आईकडे गेलीस आणि ‘पोह्यांचा डबा किती दिवस पुरतो?’ असे विचारलेस, तर ती या विषयावर बोलायला लागेल असे मला वाटते.

आता जागेच्या कागदपत्रांविषयी, कारण इथे तरुण मुलांचे सर्वांत जास्त पैसे बुडतात. मुंबईत भाड्याचा करार बहुधा ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स असतो. अकराच महिने आहेत, मग नोंदणी कशाला, असे एजंट सर्रास सांगतात. ते खोटे आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार कितीही काळाचा असला तरी तो लेखी असावा लागतो आणि त्याची नोंदणी व्हावी लागते. ती करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे आणि न केल्यास त्याला शिक्षा होऊ शकते. नोंदणी नसेल तर अटींबाबत वाद झाल्यावर भाडेकरू काय म्हणतो ते ग्राह्य धरले जाते, जोवर ते खोटे ठरत नाही. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के असते. तुमच्या ११ महिन्यांच्या भाड्यावर आणि डिपॉझिटच्या मानीव व्याजावर (म्हणजे मालकाला मिळाले असे धरलेल्या व्याजावर) ते साधारण हजार रुपये होईल, आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी हजार रुपये. म्हणजे सरकारी खर्च तिघींत वाटला तर फार होत नाही. एजंट ‘ॲग्रीमेंटचे आठ-दहा हजार’ म्हणाला तर उरलेले कशाचे आहेत ते विचारायचे. करारात तिघींचीही नावे हवीत. लॉक-इन (ज्या मुदतीआधी जागा सोडता येत नाही ती) किती, नोटीस किती महिन्यांची, मेंटेनन्स भाड्यात धरलेला आहे की वेगळा, आणि ११ महिन्यांनी करार वाढवताना पुन्हा पूर्ण ब्रोकरेज घेणार का, हे टोकन, म्हणजे जागा धरून ठेवायची आगाऊ रक्कम, देण्यापूर्वी विचारावे. टोकनची पावती घ्यावी. नूतनीकरणाच्या वेळी भाडे साधारण ५ ते १० टक्के वाढवण्याची पद्धत आहे, तेव्हा पुढच्या वर्षीच्या पगारवाढीतले तेवढे पैसे आताच गेले असे समज.

डिपॉझिटबद्दल माझा स्वतःचा अनुभव सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत आम्ही तिघी गोरेगावला एका जागेत राहत होतो. आतल्या खोलीत लोखंडी कपाटामागे भिंतीवर ताटाएवढा ओलीचा डाग होता, कडेने तांबूस आणि मध्ये पापुद्रे सुटलेले. आम्ही राहायला गेलो तेव्हा तो होताच. कपाट पुढे होते म्हणून दिसत नव्हता, आणि दिसल्यावर आम्ही त्याला कपाटामागेच राहू दिले. सोडताना मालकांनी कपाट सरकवले, डागावर बोट ठेवले आणि रंगकाम, प्लास्टर, गिलावा अशी नावे घेत डिपॉझिटमधून आमच्या तेव्हाच्या अर्ध्या पगाराएवढी रक्कम कापली. आमच्याकडे दाखवायला काहीच नव्हते. आज तुझ्याकडे फोन आहे. ज्या दिवशी किल्ली मिळेल त्या दिवशी सामान आत नेण्यापूर्वी प्रत्येक भिंत, कपाटामागची जागा, नळ, खिडकीच्या काचा आणि विजेच्या मीटरचे रीडिंग यांचे फोटो काढून मालकाला पाठव. आधीच्या भाडेकरूचे बिल तुमच्या माथी पडू नये म्हणून मीटरचा फोटो फारच महत्त्वाचा.

आमच्या त्याच जागेत सातव्या महिन्यात एकीचे लग्न ठरले आणि ती गेली. भाडे मात्र तेवढेच राहिले. पुढचे दोन महिने आम्ही दोघींनी दीडपट भरले, आणि मैत्रीत जी कटुता आली ती पैसे फिटल्यावरही गेली नाही. तुम्ही तिघींनी आधीच लिहून ठेवा की मध्येच निघणारीने एका महिन्याचे भाडे देऊन जायचे किंवा बदली मुलगी शोधून द्यायची, आणि नवी मुलगी आली की तिच्या डिपॉझिटमधून जुनीचे द्यायचे. मैत्रिणींना हे लिहायला संकोच वाटेल. तू पुढाकार घे.

जागा मरोळलाच हवी का, याचाही पुन्हा विचार कर. तुला थकवते ते बदलापूर ते घाटकोपर हे अंतर, मेट्रोची दहा-बारा मिनिटे नव्हेत. भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी इथून घाटकोपर काही मिनिटांवर आहे आणि मेट्रोच्या मार्गावर असल्फा, साकीनाकाही आहेत. मरोळच्या भाड्यात तिथे थोडी मोठी जागा मिळते, किंवा तेवढीच जागा कमी भाड्यात. मुलुंड-भांडुपच्या काही भागांत पाण्याची वेळ सांभाळावी लागते, एवढे मात्र पाहून घ्यावे. भाड्यामुळे करात सवलत मिळेल असे ऑफिसात कुणी सांगितले असेल तर त्या आशेवर राहू नकोस : नव्या करप्रणालीत घरभाडे भत्त्याची सूट मिळत नाही, आणि तुझ्या उत्पन्नावर तिथे तसाही कर लागत नाही.

एकटी राहण्याची तुझी इच्छा मला कळते. दार लावून घेतल्यावर कुणी काही विचारू नये, ही ओढ खरी आहे. पण तू आजोबांचे नाव काढले आहेस म्हणून सांगते. गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार गावकीच्या खोलीत राहत. एकाची ट्रंक दुसऱ्याच्या ट्रंकेवर, पाळी संपवून आलेला झोपायचा तेव्हा दुसरा कामावर निघालेला असायचा. जेवण खाणावळीत. त्या खाणावळी घरोघरी बायका चालवत, आणि किराण्यासाठी सावकाराच्या व्याजात अडकत. त्यांना एकत्र करून बँकेचे कर्ज मिळवून द्यावे म्हणून सामाजिक कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले. कामगाराच्या पगाराचे वाटे ठरलेले असत : खोलीचा वाटा, खाणावळीचे पैसे आणि गावी मनीऑर्डर. मनीऑर्डर थांबली तर गावात चर्चा होई. तेव्हा ‘आपल्यात हे नसतं’ हे बाबांचे म्हणणे बरोबर नाही; तुमच्या घरात हे एका पिढीमागे होते. पण तुझ्या आणि आजोबांच्या राहण्यात फरकही आहे आणि तो तू प्रामाणिकपणे मान्य करावास. त्यांना दुसरा पर्याय नव्हता. तुला घर आहे, दोन-अडीच तासांवर का होईना. म्हणून बाबांना हा नकार वाटतो आहे, आणि आजोबांचा दाखला नुसता वादात फेकून तो जाणार नाही. मनीऑर्डरसकट सांगितलास तर कदाचित जाईल.

एखाद्या रविवारी, विम्याचे कागद आणि हा हिशेब घेऊन बाबांजवळ बस. परवानगी मागू नकोस आणि निर्णय झाल्यासारखेही सांगू नकोस; चार महिन्यांचा बेत सांग, त्यातली १०,००० ची ओळ दाखव, आणि त्यांचे बोलून होईपर्यंत थांब. आणि जागा पाहायला जाताना त्यांना सोबत घेऊन जा. ते फ्लॅट आवडला की नाही ते सांगणार नाहीत. ते संडासातला नळ सोडून पाहतील, पाणी किती वाजता येते ते वॉचमनला विचारतील, दाराची कडी दोनदा लावून बघतील आणि म्हणतील की हे कुलूप बदलून घ्यावे लागेल. कुलपाचे पैसे त्यांना देऊ दे.